मुद्रितशोधकाचा जबाब

सोमवार उजाडला की मिरजेतल्या चहाच्या टपऱ्यांवर लोक आधी ‘मागोवा’ची यादी वाचत, मग बाकीचं वर्तमानपत्र. मागोवा ही पोलीस खात्याची संगणकप्रणाली. जुने पंचनामे, शवविच्छेदनाचे अहवाल, पिवळी पडलेली वर्तमानपत्रं असं सगळं ती वाचून काढी, त्यांतले धागे जुळवी आणि वीस-तीस वर्षं धूळ खात पडलेल्या खुनाचा संशयित नावानिशी सांगे. दोन वर्षांत तिचं एकही नाव कोर्टात खोटं ठरलं नव्हतं. त्यामुळे यादीत आलेला माणूस गुन्हेगारच, असं लोकांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं. आपलं नाव येत नाही तोवर अशी यंत्रं सगळ्यांनाच आवडतात.

वामन खरमाट्यांनाही ती आवडे. ‘दैनिक नदीकाठ’मध्ये त्यांनी तीस वर्षं गुन्हेवार्ता लिहिल्या होत्या, आणि न सुटलेले खून सुटताना पाहणं हा त्यांचा निवृत्तीतला विरंगुळा होता. त्या सोमवारी चौथं नाव मात्र त्यांनी दोनदा वाचलं. बाळकृष्ण उगारे, वय एकोणऐंशी, निवृत्त मुद्रितशोधक. टायपिंग इन्स्टिट्यूटच्या सुलभा नेर्लेकर यांचा पस्तीस वर्षांपूर्वीचा खून.

उगारे म्हणजे ‘नदीकाठ’मधला सर्वांत निरुपद्रवी माणूस. आणि तरीही, छापील हिशेबाने, त्याने चौदा खून केले होते.

त्याचं असं होतं. बातमीदारी सांभाळून खरमाटे कादंबऱ्याही लिहीत. बातमीदार जयराज खुनाचा छडा लावतो, अशी ती मालिका. प्रत्येक कादंबरी आधी ‘नदीकाठ’मध्ये रविवारी प्रकरणाप्रकरणाने येई. खुनी दर वेळी नव्या नावाचा, पण चाल मात्र उगारेंची. उजव्या पायाने किंचित लंगडणारा, डावखुरा, बोटांना शाईचा डाग. ही कचेरीतली गंमत होती आणि उगारेंना ती फार प्रिय होती. कुठलीही प्रुफं ते तीन-तीनदा वाचत. ही वाचताना मात्र गालात हसत आणि आज आपण कुणाला संपवलं, ते सगळ्यांना ऐकवत.

अंक खपावा म्हणून संपादकांनी आणखी एक शक्कल लढवली. प्रकरणं बातमीसारखी छापायची. वर ‘आमच्या वार्ताहराकडून’, खाली बारीक अक्षरात ‘नावे बदलली आहेत’. वाचक खूश झाले.

मागोवाने तो सगळा मजकूर बातमी म्हणूनच वाचला होता. नावं बदलली आहेत म्हणजे बाकीचं खरं, असा तिचा सरळ हिशेब. आणि लंगडणारा, डावखुरा, शाईच्या बोटांचा माणूस तिला ‘नदीकाठ’मध्ये एकच सापडला.

खरमाटे तडक पोलीस ठाण्यात गेले. निरीक्षक सुनेत्रा कोळेकर यांनी त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. बाई उद्धट नव्हत्या. तेच जड गेलं. त्यांनी जुनं दप्तर उघडून दाखवलं. खिडकीची कडी बाहेरून दोरा घालून लावली होती, टाइपरायटरवर एक ओळ अर्धी राहिली होती. या गोष्टी पोलिसांनी कुणालाच सांगितल्या नव्हत्या, आणि खरमाट्यांच्या प्रकरणांत त्या जशाच्या तशा होत्या.

शेंडगे हवालदाराने सांगितल्या होत्या, खरमाटे म्हणाले. बातमीत छापणार नाही, असा शब्द दिला होता. शब्द त्यांनी पाळलाही होता. बातमीत छापलं नव्हतं, कादंबरीत घातलं होतं. सगळेच गुन्हेवार्ताहर अशी पळवाट काढतात, हेही त्यांनी सांगितलं. सांगताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली. शेंडगे वारून अकरा वर्षं झाली होती.

“म्हणजे नावं सोडली तर, सर, तुमच्या प्रकरणांत खोटं काय होतं?”

“खुनी,” खरमाटे म्हणाले. “फक्त खुनी.”

कोळेकरांनी एक कागद त्यांच्यापुढे सरकवला. यादी बाहेर येण्याआधीच उगारेंना अटक झाली होती आणि शनिवारी त्यांनी मॅजिस्ट्रेटसमोर कबुली दिली होती. कुणी हात लावला नव्हता, धमकावलंही नव्हतं. डॉक्टरांनी तपासलं होतं. कालचं विसरतात, पण जुनं लख्ख आठवतं, असा त्यांचा शेरा होता. दोरा, कडी, अर्धी ओळ, सगळं उगारेंनी न अडखळता सांगितलं होतं. टाइप केलेल्या जबाबात दोन चुका सापडल्या, त्याही त्यांनी समासात खुणा करून दुरुस्त केल्या होत्या.

“पुढच्या सोमवारी त्यांच्या नावावर आणखी सहा खून येतील,” कोळेकर म्हणाल्या. “तेही त्यांना आठवतात.”

तीन-तीनदा वाचलेलं आता त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात स्वतःचं आयुष्य होऊन बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी कारागृहाच्या भेटीच्या खोलीत जाळीपलीकडे उगारे येऊन बसले. त्यांना पाहून खरमाट्यांना रडू फुटलं. बाळकृष्णपंत, तुम्ही काही केलेलं नाही, ते सगळं मी रचलं होतं, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. उगारेंनी मान कलती करून ऐकलं. प्रुफात खटकलेलं वाक्य ते असंच ऐकत.

“वामनराव, तुम्ही बातमीदार माणूस. घडल्याशिवाय लिहाल कसं?”

तीस वर्षं खरमाट्यांनी वाचकांकडून हाच विश्वास मिळवला होता.

उगारे जाळीच्या जवळ सरकले. त्यांचा आवाज खाली गेला. “मला सगळं आठवतं. तो जिना, तो दोरा, बाईंचा चष्मा. पण बाईंनी माझं काय वाकडं केलं होतं, तेवढं आठवत नाही. उद्या माझी मुलगी भेटायला येणार आहे. ती हेच विचारेल. तुम्ही लिहिलंय, तुम्हाला माहीत असणार. काय सांगू मी तिला?”