रिकाम्या खुर्चीवरची चौकट

अकोल्याच्या जठारपेठेत पावसानं आचलला एका फोटो स्टुडिओच्या पायरीवर चढवलं, आणि काचेमागच्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यानं तिला आत ओढलं. पुढचं कुणी घडवून आणलं, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

आचल अमरावतीची. जुने कॅमेरे शोधायचे, पारखायचे आणि त्यांचे गुण-दोष आपल्या चॅनलवर सांगायचे, हा तिचा नाद. घरचे लग्नाचं बोलायला लागले की ही एखादी लेन्स पुसत बसायची. असा कॅमेरा समोर दिसल्यावर ती पायरीवर थांबते कसली!

काउंटरमागे उंच, सावळा मुलगा चहा पीत होता. त्यानं तिला पाहिलं आणि निम्मा चहा बशीत सांडला.

"तो काचेतला कॅमेरा दाखवता का?" ओढणी पिळत तिनं विचारलं.

"तो… विकायचाच हाये." त्यानं कॅमेरा काढून दिला, पण तिच्याकडे पाहायचं टाळलं. "आईचा होता. लग्नाचे फोटो काढे ती. ती गेली, तवापासून मी तो चालू नाही केला."

"बॅटरी?"

"सकाळीच चार्ज केली. पण बटन दाबाची हिंमत नाही झाली."

"कॅमेऱ्याले काय भ्यायचं जी?" असं म्हणून आचलनं बटण दाबलंसुद्धा.

कॅमेरा झकास होता. तिनं आधी सीन मोड पाहिले. माणसं, फटाके, मेणबत्ती, समुद्रकिनारा… आणि बर्फ. ती खुदकन हसली.

"अकोल्यात बर्फ! तेही एवढ्या उन्हाच्या गावात!"

"आई त्याच्यावर कापूस काढे," तो म्हणाला. "साध्या मोडवर कापसाचा ढीग मळका दिसते. बर्फावर टाकला का कसा पांढराशुभ्र येते."

आचलला हे फार आवडलं. सांगताना त्याचे डोळे उजळले, तेही आवडलं, पण ते तिनं चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. मग तिनं हसरा मोड लावला. समोरचा माणूस हसला की हा मोड आपोआप फोटो काढतो आणि कोपऱ्यात हसऱ्या तोंडाची खूण टाकतो, नाहीतर ढिम्म बसतो. तिनं कॅमेरा मुलाकडे धरला. त्याच्या चेहऱ्याभोवती पिवळी चौकट आली आणि खाली इंग्रजी अक्षरांत नाव उमटलं. कुलदीप.

"अरे वा! चेहरे ओळखते हा. आईनं नाव टाकून ठेवलं दिसते तुमचं. आता हसा बरं."

कुलदीप हसला नाही. आणि आचलचंही हसू ओठांवरच राहिलं. पडद्यावर दुसरी चौकट आली होती, त्याच्या शेजारच्या वेताच्या खुर्चीवर. खुर्चीवर एक चपटी उशी होती, बाकी कुणी नव्हतं. चौकटीखाली नाव होतं. आई.

तिनं कॅमेरा बाजूला करून खुर्ची पाहिली. रिकामी. पुन्हा पडदा पाहिला. चौकट तिथंच होती, आणि स्थिर नव्हती. बोलता बोलता माणूस मान हलवतं ना, तशी ती हळूहळू हलत होती. आचलच्या अंगावर सरसरून काटा आला.

"काय झालं?" कुलदीपनं काउंटरवरून वाकून पडदा पाहिला, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आई तिथंच बसे," तो कसाबसा बोलला.

त्यानं कॅमेरा तिच्या हातातून घेतला. त्या घाईत भिंग तिच्याचकडे वळलं. पिवळी चौकट आचलच्या चेहऱ्यावर येऊन बसली. खालचं नाव वाचून कुलदीपचे कान लालबुंद झाले.

"दाखवा," ती म्हणाली.

"नको ना…"

तिनं ओढूनच घेतला आणि कॅमेरा उलटा धरून स्वतःकडे रोखला, मग समोर भिंतीवर लावलेल्या आरशात पडद्यावरची उलटी अक्षरं वाचली. तिच्या तोंडाखाली लिहिलं होतं, सूनबाई.

"असा धंदा हाये होय तुमचा?" तिचा आवाज चढला. "दुकानात आली पोरगी, का फसवा तिले!"

"आईशप्पथ, मी काही—" आणि खुर्चीकडे नजर जाताच त्यानं जीभ चावली.

त्या अवस्थेतही आचलला हसू येऊ पाहत होतं, पण नजर दाराकडे जात होती. पळावं, असं मन सांगत होतं. पारखणारी बोटं मात्र ऐकेनात. तिनं प्लेबॅक उघडला. त्यात चेहऱ्यांप्रमाणे फोटो शोधायची सोय होती. 'सूनबाई'वर दाबल्यावर कॅमेऱ्याच्या आतल्या मेमरीतला एकच फोटो आला.

पातूरला वर्षालीचं, तिच्या मैत्रिणीचं, लग्न. पडवीत कापसाचा ढीग, त्याला टेकून मरून साडीतली आचल, भलतीकडेच बघत हसणारी. हा फोटो कुणी काढला, हे तिला ठाऊकच नव्हतं. कोपऱ्यात माइकचं छोटं चिन्ह होतं. म्हणजे फोटोला आवाज जोडलेला होता. तिनं बटण दाबलं.

आधी सनईची खरखर. मग एका बाईचा आवाज, हसरा.

"कुलदीप, घे, काढला फोटो. हेच पोरगी दाखवत होता ना तू? सकाळपासून जेवला नाही तिच्याकडं पाहू पाहू. आता जाय, बोल तिच्याशी. अरे, काहून लाजून राहिला? बरं, मी आपलं हिचं नाव टाकून ठेवते याच्यात. बोलला का सांगजो मले."

आवाज थांबला. बाहेर पन्हाळीतून पाणी पडत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

आचलनं प्लेबॅक बंद करून कॅमेरा काउंटरवर ठेवला. हसरा मोड अजून चालूच होता. त्याचं तोंड खुर्चीकडे होतं. "तुमच्या आईनं मले पसंत केलं, ते समजलं," ती हळूच म्हणाली. "तुमचं काय?"

"मी पोचलो, तोवर तुमची गाडी गेली होती." कुलदीपचे डोळे भरून आले. "मंग आई अंथरुणाले खिळली. रोज विचारे, बोलला का? मी म्हणो, उद्या बोलतो. उद्या, उद्या… अन् एक दिवस ती विचाराले राहिलीच नाही. म्हणून हा कॅमेरा विकाले काढला. हा पाहिला का तेच ऐकू येते."

आचलला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त त्याचं वाईट वाटत होतं. "मंग बोला ना आता," ती म्हणाली. "आईसाठी नको. तुमचं सांगा."

त्यानं चहाची बशी बाजूला सारली. मग त्यानं पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"मले तुमी आवडता. त्या दिवसापासून. आईनं दाखवल्या नाही, मीच तिले दाखवल्या."

त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं. आचलनं तर ओठ घट्ट दाबून धरले होते, कारण सोडले असते तर रडू फुटलं असतं. दोघांपैकी कुणीच हसत नव्हतं.

आणि काउंटरवरचा कॅमेरा 'खट्' वाजला.

कुणी त्याला हात लावलेला नव्हता. आचलनं तो उचलला, प्लेबॅक लावला. फोटोत फक्त वेताची खुर्ची होती. उशी मधोमध दबलेली. वर पिवळी चौकट, चौकटीखाली आई. आणि कोपऱ्यात हसऱ्या तोंडाची ती छोटीशी खूण.

तिनं फोटो कुलदीपला दाखवला. तो बघतच राहिला.

"हा विकायचा नाही," आचल म्हणाली. तिनं ओली ओढणी डोक्यावरून घेतली, काउंटरला वळसा घालून आत गेली आणि वाकून खुर्चीपुढच्या फरशीला हात लावून नमस्कार केला.