चिंगीमायसिन

तो पहिल्यांदा आला तो औषध नव्हे, चक्क माती मागायला!

ती बाबांच्या औषधाच्या दुकानात गल्ल्याशी उभी होती. "पायरीवरच्या कुंडीतली चमचाभर माती मिळेल?" प्रयोगशाळेचं ओळखपत्र दाखवत त्याने विचारलं. "कितीतरी अँटिबायोटिक्स मातीतच सापडलीत..."

"चिंगी, दे गं त्यांना," बाबा आतून ओरडले. झालं! अनोळखी माणसासमोर लाडक्या नावाची शोभा झाली. तो मात्र गालातल्या गालात हसला.

मग दर शनिवारी तो येऊ लागला. माती न्यायचा आणि बदल्यात नावांच्या गोष्टी सांगायचा. पेनिसिलिनचं नाव कुंचल्यावरून पडलं, कारण ते देणारी बुरशी भिंगाखाली तशीच दिसते. एरिथ्रोमायसिनमध्ये लाल रंगाचा ग्रीक शब्द. आणि बॅसिट्रॅसिनमध्ये एका जखमी मुलीचं आडनाव!

"पेशंटचं नाव औषधाला?"

"ते बनवणारा जंतू तिच्याच जखमेत सापडला ना."

एकदा तो धापा टाकतच आला. "तुमच्या मातीतलं काहीतरी जंतू मारतंय! औषध झालं तर नाव ठरलंय... चिंगीमायसिन."

"मायसिन म्हणजे?"

"त्यात... बुरशीचा ग्रीक शब्द आहे."

"म्हणजे मी बुरशी? कौतुक करावं तर असं!" वरवर ती रुसली, पण मनात मांडे खाऊ लागली.

पुढच्या महिन्यात तो आला तोच चेहरा पाडून. "जंतू मरतात, पण उंदरांची मूत्रपिंडंही निकामी होतात. काम थांबवलंय. आता... माती नको."

माती नको, म्हणजे शनिवारही नको. तिने त्याची बाही धरली आणि त्याला दुकानामागे नेलं. तिथे कुंड्यांची रांग लागली होती. त्याची माती संपू नये म्हणून तिने एकेक करून गुपचूप आणलेल्या.

"या तपासायच्या राहिल्यात," ती म्हणाली.

"एवढ्या? अहो, आयुष्य जाईल!"

"जाऊ दे की..." तिने अजून बाही सोडली नव्हती. "माझंही जाईल. तुझ्याबरोबर."

"चिंगी—" म्हणत त्याने पहिली कुंडी उचलली.

त्या कुंड्यांतून औषध काही निघालं नाही. बाबा गेले, दुकानही गेलं, दोघांचे केस पिकले. पण अजूनही त्याला साधी कणकण आली, की तो पांघरुणातून हाक मारतो, "माझं चिंगीमायसिन कुठाय?"

आणि ती हातातलं काम टाकून त्याच्या उशाशी जाऊन बसते.