चंद्रघरातली दुर्बीण

आधीच सांगते, ही ऐकीव गोष्ट नाही. मी तिथे होते. आमच्या तळेगाव ढमढेऱ्यात निम्म्या गावाला हे माहीत आहे आणि उरलेलं निम्मं गाव माहीत नसल्याचं नाटक करतं.

माझं नाव करुणा. गावातल्या शाळेत विज्ञान शिकवते. शाळेचे सेक्रेटरी साहेबराव, म्हणजे माझे सख्खे मामा.

शाळेच्या मागे पत्र्याची एक खोली आहे. चांद्रयान उतरलं त्या वर्षी आमच्या सम्राट सरांनी तिचं ‘चंद्रघर’ केलं. भिंती काळ्या रंगवल्या, खिडक्या बुजवल्या. एका टोकाला मोटारीवर फिरणारा पृथ्वीचा मोठा गोळा टांगला, दुसऱ्या टोकाला दुर्बीण बसवली. पोरांनी आत जायचं, आपण चंद्रावर आहोत असं समजायचं आणि तिथून पृथ्वी बघायची.

आत बोलायचं नाही, हा नियम होता. चंद्रावर हवा नाही, म्हणून आवाज नाही.

दुर्बीण त्यांनी सिमेंटमध्ये पक्की केली होती. फिरवायची सोयच नाही. पोरांनी विचारलं की सर सांगायचे, “चंद्रावरून पृथ्वी उगवत न्हाई आन् मावळत न्हाई. एकाच जागी असती. आपण फक्त नजर लावून बसायचं.”

मग एका मे महिन्यात सर त्याच खोलीत मेलेले सापडले.

शाळेला सुट्टी होती. त्यांचा फोन स्टाफरूममध्ये चार्जिंगला होता. आतून कडी होती, मीच धक्का मारून दार उघडलं, पत्रा तापला, हार्ट अटॅक आला असणार, असं मामांनी सगळ्यांना सांगितलं. पिऊन पडला असेल, असंही कोणीतरी उठवून दिलं. सर साधी सुपारी खात नसत. माणूस गेला की त्याच्याबद्दल काहीही बोलायला लोकांना तोंड फुटतं.

त्यांची आई सिंधूबाई दौंडला एकटी राहते. ती शाळेत येऊन प्रत्येकाला एकच विचारत होती.

“दार कुणी लावलं व्हतं?”



गेल्या डिसेंबरात शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. मोठे पाहुणे येणार होते. आदल्या संध्याकाळी मामांनी कारेगावहून वेल्डर नौशादभाईंना बोलावलं आणि दुर्बीण सिमेंटमधून उपटून फिरत्या स्टँडवर बसवायला सांगितली.

मी म्हणाले, “मामा, चंद्रावर ती फिरवावी लागत नाही. तेच तर शिकवायचंय.”

“न फिरणारी दुर्बीण कुठं असती व्हय? पाहुणे हसतील.”

नौशादभाईंनी स्टँड बसवला. डोळा लावून बघितलं आणि म्हणाले, “गोळा झकास दिसतोय, मामा.”

मग त्यांनी दुर्बीण भिंतीकडे वळवली.

“इकडं बी दिसतोय…”

जमिनीकडे वळवली. तिथेही पृथ्वी.

मी टांगलेल्या गोळ्याकडे पाहिलं. त्याच्यावर धुळीसाठी घातलेली चादर तशीच होती. मोटारीची वायर गुंडाळून ठेवलेली होती.

नौशादभाई पाना माझ्या हातात देऊन बाहेर गेले. बाकीची हत्यारं तिथेच राहिली.

“याड लागलं सगळ्यांना,” म्हणत मामांनी डोळा लावला.

…आणि आवाज गेला.

रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर चालले होते, गाणी मोठ्याने लावून. ती गाणी थांबली. माझ्या हातातला पाना खाली पडला. तो पडलेला मला दिसला, पण ऐकू आला नाही.

मामांनी माझ्याकडे वळून काहीतरी म्हटलं. ओठ हलले, आवाज नाही. त्यांनी मला दंडाला धरून दुर्बिणीकडे ओढलं.

मी बघितलं.

काळ्या आभाळात पृथ्वी होती. रंगवलेली नाही. तिच्यावरचे ढग हळूहळू सरकत होते. मग ती जवळ येऊ लागली… घोडनदी दिसली, भीमा दिसली, शाळेचा पत्रा दिसला. लख्ख उन्हाची दुपार होती. चंद्रघराच्या दारात पांढऱ्या शर्टातला एक माणूस उभा होता.

त्याचा हात कडीवर होता.

तेवढ्यात आमच्या मागचं दार बंद झालं. त्या मुक्या खोलीत एकच आवाज आला…

बाहेरून कडी लागल्याचा.

छातीत हवा शिरेना. मी दारावर दोन्ही हातांनी मारत होते आणि माझं मारणं मलाच ऐकू येत नव्हतं. मामा खाली बसले होते, गळा धरून.

दार उघडलं ते नौशादभाईंनी.

“म्या न्हाई लावली. म्या समोरच उभा व्हतो, कडी आपसूक सरकली.”

त्या दिवसापासून मामांना श्वास पुरेनासा झाला. पुण्याला नेलं, सगळ्या तपासण्या झाल्या. बोटाला लावायचं यंत्र ऑक्सिजन उत्तम दाखवायचं आणि मामा मासळीसारखं तोंड उघडून तडफडायचे. हे कधी होतं ते घरात माझ्याच लक्षात आलं. चंद्र आभाळात असला की. दिवस असो, रात्र असो. मावळला की मोकळे.

मी ते मामांना सांगितलं नाही. पण त्यांनी त्यांचा हिशोब केला होताच. अमावास्येला ते सूर्य उगवायच्या आधीच खुशीत अंगणात खुर्ची टाकून बसले.

“आज चंद्रच न्हाई. आज मला कोण बघतंय?”

अमावास्येला चंद्र असतोच, फक्त आपल्याला दिसत नाही. सूर्याच्या जोडीने दिवसभर डोक्यावर असतो. आणि त्या दिवशी चंद्रावरून पृथ्वी पूर्ण दिसते, पौर्णिमेसारखी.

मी बोलेपर्यंत मामा खुर्चीतून खाली आले होते. एवढे हाल त्याआधी कधीच झाले नव्हते. सूर्य मावळला तसा श्वास आला आणि आल्याबरोबर ते बोलायला लागले.

“खोली गोडाऊनला द्यायची व्हती. त्यो हलंना. मी म्हणलं, ऱ्हा मंग चंद्रावर, आन् भायेरून कडी लावली. वाटलं, जिरंल जरा. मंग भांडगावला लग्नाला गेलो… आन् इसरलो, पोरी. जेवलो, फोटो काढले. इसरलो.”

मला त्यांची किळस आली. हे स्पष्टच लिहिते. पण याच माणसाने मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. ते असे मरावेत, हेही मला सहन होईना. वाटलं, सर कोणाचं ऐकतील तर आईचं. तिने एकदा सांगितलं तर सोडतील.

आठवड्याभराने मी मामांना गाडीत घालून दौंडला नेलं. सिंधूबाई अंगणात लिंबाखाली तांदूळ निवडत होती. मामांनी तिच्या पायाशी बसून सगळं कबूल केलं. धापा टाकत. दुपार कलली होती आणि पूर्वेला फिकट चंद्र वर आला होता.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “दारावर वाजवलं आसंल ना त्यानं?”

“मी न्हवतो तिथं…”

“दार तूच उघडलंस. हात कसं व्हतं त्येचं?”

मामा रडायला लागले. “सोललेलं व्हतं. बोटं सगळी सोललेली व्हती.”

सिंधूबाईचा हात सुपात थांबला. मामा आता मातीत आडवे झाले होते.

मी तिचे पाय धरले. “मावशी, तुमचं ऐकतील ते. तुम्ही सांगा त्यांना. पोलिसात चला, तुम्ही म्हणाल तिथं मी जबाब देते. पण यांना सोडायला सांगा.”

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्यावर तिचा राग नव्हता, हे मला कळलं. मग तिने त्या फिकट चंद्राकडे मान वर केली आणि जेवायला वाढताना पोराशी बोलावं तितक्या मायेने म्हणाली,

“दमानं घे, बाळा. घाई करू नगंस.”

आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

मामांनी पोलिसात जबाब दिला. केस चालू आहे. डॉक्टर दर महिन्याला म्हणतात, हा महिना काही निघत नाही.

मामा अजून जिवंत आहेत.