एक जानेवारीची फुलं

खिडकीतल्या बाईंनी बख्तावरच्या नावाशी दोनदा झटापट केली, मग नाद सोडला आणि नुसती जन्मतारीख पुकारली, "एक जानेवारी."

बाकावरची पाच माणसं उठली.

डँडेनाँगच्या त्या लायसन्सच्या कचेरीत निम्मे लोक बामियानच्या डोंगरांतून आलेले हजारा निर्वासित. तिकडे मूल जन्मलं की आई शेताकडे बघून दिवस ध्यानात ठेवते. इकडे कागदाला आकडा लागतो. म्हणून ऑस्ट्रेलियात पाऊल टाकताना कुणीतरी सगळ्यांनाच वर्षाचा पहिला दिवस देऊन टाकलेला.

बाईंनी सालही सांगितलं. तिघं बसले. उरली बख्तावर… आणि एक उन्हाने रापलेला, उंच तरुण.

"तुम्ही आधी," तो म्हणाला. "जुळ्यांत मुलीचा मान मोठा."

"घरात दोन भाऊ आहेत. तिसरा नको."

"मग मी भाऊ नाही," तो पटकन बोलून गेला – आणि कानांपर्यंत लाल झाला.

त्याचं नाव मुराद. दोन तासांवरच्या बटाट्याच्या शेतावर कामाला. बख्तावर त्या दिवशी गाडीच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाली, आणि तिसरीची तारीख घेऊनच बाहेर आली. दारात तो चहाचे दोन पेले धरून उभा होता.

मग दर रविवारी तो शहरात येऊ लागला. बाजारात बख्तावरची आई गरम बोलानी, म्हणजे भाजी भरलेल्या पोळ्या, विकायची. तो तीन खायचा आणि चौथी हातात धरून रेंगाळायचा. बख्तावर म्हणायची, ती थंड होतेय. तो म्हणायचा, होऊ दे. एकदा त्याने आईला विचारलं, खाला, ही खरी कधी जन्मली? आईने पिठाचे हात न थांबवता गुणगुणून सांगितलं,

"बर्फ सरलं, पाणी आलं, बटाट्याला फूल आलं,
फुलाच्या गं दिसामाजी घरी माझ्या मूल आलं…"

मुराद ऐकत राहिला. बोलानी खरंच थंड झाली.

नोव्हेंबरात त्याचं येणं थांबलं. शेवटच्या रविवारी तो आईला एकटीला गाठून सांगून गेला होता, की त्याचा इथे राहायचा परवाना दीड वर्षाने संपतो, पुढे ठेवतील की काढतील देव जाणे. अशा माणसाने कुणाच्या पोरीची वाट अडवू नये. आईने हे सांगितलं तेव्हा बख्तावरने गाडीचा सराव दुप्पट केला. तिसऱ्या परीक्षेत पास झाली, आणि एक जानेवारीला सकाळीच भावाची जुनी गाडी काढून निघाली.

शेवटचं वळण संपलं आणि तिचा पाय ब्रेकवर गेला.

उतारावर, नजर पोचेल तिथवर… पांढरी, फिकी जांभळी फुलं. इथला उन्हाळा ऐन भरात होता, आणि बटाट्याला फूल आलं होतं.

मुराद पाण्याचा पाइप टाकून धावत आला. "रस्ता चुकलीस?"

"चुकले असते तर विचारत विचारत आले असते."

शेताच्या कडेलाच असलेल्या त्याच्या खोलीच्या उघड्या खिडकीत, लोणच्याच्या बरणीत, त्याच फुलांचा जुडगा होता. ती बोट दाखवून नुसती बघत राहिली. त्याने मातीचे हात पुसले.

"आज तुझा वाढदिवस… कागदावरचाही आणि खालाच्या गाण्यातलाही. लावणी झाली तेव्हापासून दिवस मोजतोय. द्यायची नव्हती… नुसती खुडली."

"का द्यायची नव्हती?"

"माझा कागद दीड वर्षाचा आहे, बख्तावर."

"कागदाने मला खोटी तारीख दिली होती. आज बघ, शेताने ती खरी केली." तिने बरणी उचलून छातीशी धरली. "दीड वर्ष पुष्कळ आहे. त्यानंतर जिथे पुकारतील, तिथे आपण दोघं उठू. तू फक्त सांग – मी फुलंच घेऊन जाऊ, की…"

"मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं," तो हळूच म्हणाला. "मी भाऊ नाही."

"तेवढंच?"

"मला तू हवीस. दीड वर्ष नाही… सगळी वर्षं."

पुढच्याच आठवड्यात दोघं लग्नाचा अर्ज घेऊन दुसऱ्या एका खिडकीपाशी उभे होते. आतल्या गृहस्थांनी चष्मा वर करून विचारलं, जन्मतारीख दोघांचीही एकच?

"एकच," बख्तावर म्हणाली. "माझी खरी आहे. ह्याची आम्ही शोधतोय."