देवमन मास्तराच्या यंत्रातली टिकटिक

हसा पोट्टेहो, हसा! इंद्रभानही असाच हसे. अकोल्याकडच्या मालेगावचा हा गडी नाकावर माशी बसू देत नसे. बिनतारी यंत्राचं लायसन काय भेटलं, बाकीचे लोक त्याले किड्यामुंग्या वाटू लागले.

शहात्तर सालची पोळ्याची कर होती. त्याचं बिनतारीवरची टिकटिक ऐकायचं यंत्र बिघडलेलं, म्हणून सांजच्याले फटफटी काढून तो मानोरा गावाले गेला, देवमन मास्तराचं आणायले. मास्तर आठवडाभराआधी साप चावून गेला होता. दोघंही टिकटिक करून दूरदेशच्या माणसांशी बोलत. पण "त्या मास्तरड्याले काय येते!" असं इंद्रभान चारचौघांत म्हणे.

मास्तराच्या बायकोनं, पंचफुलानं, पाणी दिलं. यानं तोंड लावलं नाही. बाटते ना याची जात! यंत्र मात्र उचललं.

ती म्हणाली, "भाऊ, त्या राती मास्तर याच्यावर लय वेळ मदत मागत होते. अकोल्याचा दोस्त रोज त्या वक्ताले ऐके, त्यानं डॉक्टर पाठवला असता. पण मंधात कोणीतरी सारखं टिकटिक करून राह्यलं होतं. कोण असंन?"

इंद्रभानले ठाऊक होतं. तोच होता.

त्या राती त्याले एका दूरच्या बेटावरचा माणूस गाठायचा होता. बेटवाला बोले यंत्राच्या काट्यावर एका जागी, अन् लोकांनी त्याले हाक मारायची जरा वरच्या जागी. कान एकीकडं, तोंड दुसरीकडं. म्हणून हाक मारायच्या आधी तिथं कोणी बोलून तर नाही राह्यलं, हे ऐकून घ्या लागते. याले कायची आलीय फुरसत! बेट भेटलं नाही, तरी तासभर ठोकत बसला. अन् मास्तर अकोल्याच्या दोस्ताशी रोज त्याच वरच्या जागी बोले, हे याले मालूम होतं.

"मले काय मालूम," म्हणाला अन् निघाला. नालायक!

घरी आला. जेवला. मास्तराचं यंत्र जोडलं, पुन्हा तेच बेट धरलं. हाक मारली. पुन्हा मारली. शेवटी बेटवाल्यानं कळवलं, तुझ्या जागेवर दुसराच कोणी बोलून राह्यला, तू नीट ऐकू येत नाही.

तवा कुठं, जिंदगीत पहिल्यांदा, यानं काटा आपल्या हाकेच्या जागी नेला.

टिकटिक. ज्याचा त्याचा हात निराळा असते, चालीवरून माणूस ओळखू येते तसा. हा देवमनचा हात होता.

साप... डॉक्टर पाठवा... इंद्रभान, थांब.

यानं ठोकायच्या खटक्यावरचा हात काढला.

"थांबलो, मास्तर... हे पाहा, थांबलो..."

इंद्रभान, थांब.

बॅटरीची तार उपटली. यंत्रातला दिवा विझला.

थांब.

हेडफोन काढून फेकले.

...थांब.

सकाळी यंत्र पंचफुलाले परत नेऊन दिलं. खरं सांगायची छाती? ती कुठून येणार त्याले! तसाच माघारी आला.

आता त्याची बायको, सुंदरबाई, दुसऱ्या खोलीत निजते. काहून म्हणता? एकदा झोपेत तिचं डोकं त्याच्या कानाले टेकलं. त्या टिकटिकीतलं एक अक्षर तिले कळत नाही...

पण ऐकू तं तिलेही आलं.