उत्तरेचं दार

आमच्या चर्चचा इतिहास लिहायला घेतला, तेव्हा आधी मी भिंती मोजल्या. जुनं अँग्लिकन चर्च. जाड दगडी भिंती आणि आत कायम ओल्या चुन्याचा, विझलेल्या मेणबत्त्यांचा वास. उत्तरेच्या भिंतीत, बाप्तिस्म्याच्या कुंडासमोर, एक ठेंगणं दार विटांनी बुजवलेलं होतं. पूर्वी बाप्तिस्म्याच्या वेळी ते उघडं ठेवत. कपाळावर पाणी पडलं की बाळ रडायचं आणि त्याच्यातलं वाईट त्या दारातून निघून जायचं, अशी समजूत. दार का बुजवलं, हे मात्र कुठेच सापडलं नाही.

बोलता बोलता हे मी धाकट्या बहिणीला सांगितलं. तिची तान्ही मुलगी जन्मल्यापासून रडत होती. डॉक्टर झाले, औषधं झाली. बहिणीला झोप अशी नव्हतीच.

"दादा, फादरना सांग. ते दार उघडायचं."

"अगं, समजूत आहे ती नुसती."

"मग उघडायला तुझं काय जातंय?"

फादर हसून हो म्हणाले. गवंड्याने विटा काढल्या. म्हातारा घंटेवाला तेवढा बहिणीकडे बघून कुरकुरला, "ताई, दारातून नेमकं कोण गेलं, ते बघणार कोण?"

"तुम्ही बघा की, काका. नाहीतरी घंटा वाजवून झाली की झोपाच काढता."

रविवारी, भर उन्हात, बाप्तिस्मा झाला. दारातून गार, मातकट वारा येत होता. फादरनी पाणी ओतलं. बाळ किंचाळलं... आणि ते रडणं आमच्यामधून सरकत दाराबाहेर गेलं. बाळाचं तोंड मिटलेलं. रडणं बाहेर, गवतात.

"गप्प झाली गं माझी बाय!" बहिणीने तिला छातीशी धरलं. तिला बाहेरचं काही ऐकूच आलं नव्हतं.

ठरल्याप्रमाणे गवंडी दारात पुन्हा विटा रचायला लागला, तसा घंटेवाल्याने माझा दंड पकडला.

"थांबवा त्याला... पोर बाहेर आहे."

मी बहिणीकडे पाहिलं. बाकावर बसल्या बसल्या तिला झोप लागली होती. मी गवंड्याला थांबवलं नाही.

आता भाची मोठी होतेय. परवा तिचा हात चुलीला लागून भाजला. ती हाताकडे नुसती बघत राहिली. अजून एक शब्द बोललेली नाही. "गुणाची आहे," बहीण म्हणते.

इतिहास अजून अपुरा आहे. काल उत्तरेच्या भिंतीशी वही घेऊन बसलो होतो. हल्ली तिकडचं रडणं थांबलंय. विटांपलीकडून कोणीतरी हळूच म्हणालं, "मामा..."

आवाज गवतातून आला नाही. भाची आता जेवढी उंच झालीय, तेवढ्या उंचीवरून आला.