खाजकुयलीची जुळी बहीण

"ओपल, खाजवू नकोस!" मोठ्या बहिणीनं गाडीखालून बजावलं.

"मी कुठे खाजवतेय? हातच आपोआप खाजवतायत!"

"काम सुरू करायच्या आधी पावडर लावली होतीस का?"

"लावली होती की! पण निम्मा डबा रॉइसनं केसांत ओतला!"

"केसांत पण काच जाते!" तिचा मामेभाऊ रॉइस म्हणाला. त्याचं डोकं पांढरंफटक झालं होतं आणि त्याचा त्याला अभिमानही होता.

ऑइलडेल गावातलं ते गॅरेज भट्टीसारखं तापलं होतं. मधोमध उभी होती खाजकुयली. नाव गाडीचं, आणि ते अगदी योग्य होतं! तिची बॉडी पत्र्याची नव्हती, फायबरची होती. ओपल आणि तिची मोठी बहीण नेडीन यांनी अख्खा हिवाळा खपून स्वतःचा साचा बनवला होता, त्यात काचेच्या धाग्यांचे थर घालून, वर रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट रस, चोपडून ती बॉडी काढली होती. दिसायला जुन्या जमान्यातली उघडी गाडी, पण शेपूट उतरतं, कुणाकडेही नसलेलं. पुढे एका ठोकलेल्या स्टेशन वॅगनचं दांडगं इंजिन. अशी गाडी रस्त्यावरही चालवायची आणि शर्यतीच्या पट्टीवर पाव मैल सुसाटही सोडायची! फक्त एक होतं. घासायला घेतली की काचेची भुकटी अंगभर चिकटायची, आणि मग बसू देत नव्हती की उभं राहू देत नव्हती.

पण ओपलला गेले काही दिवस भुकटीशिवायही चैन पडत नव्हतं. शनिवारी शर्यतींच्या क्लबची तपासणी होती आणि त्यानंतर शर्यत. नेडीननं घरात साफ सांगून टाकलं होतं, "शनिवारी गाडी धावली तर मी इथे राहून गाड्याच बनवणार. नाही धावली तर सोमवारी फ्रेस्नोला, आयोनी आत्याच्या ऑफिसात. टाइप करत बसेन जन्मभर."

नेडीन फ्रेस्नोला? मग या गॅरेजमध्ये करायचं काय?

"ए ओपल!" शेजारचा चुई अरियागा गाडीच्या मागे वाकून ओरडला. "तुमच्या गाडीची कातडी निघतेय!"

"गप रे!"

"आईशप्पथ! ये, बघ!"

डिकीचं झाकण काढून ठेवलं होतं. त्याच्या खालच्या खाचेतून चुईनं चिमटीत काहीतरी धरून ओढलं. कांद्याच्या पापुद्र्याएवढं पातळ आणि हिरवंगार! ओपलनं ते उजेडात धरलं आणि तिचं खाजवणं एकदम थांबलं.

"हा तर साच्याचा हिरवा लेप आहे," ती हळूच म्हणाली. "साचा चिकटून बसू नये म्हणून आधी लावतात तो."

"मग? तुम्हीच लावला असेल!" रॉइस म्हणाला.

"आमचा मी हिवाळ्यातच धुतलाय. टूथब्रश घेऊन, एकेक खाच! हा नंतरचा आहे. आपल्या तयार बॉडीला कुणीतरी लेप फासला, रॉइस! आणि तिच्यावर साचा काढला!"

दुसऱ्याच्या बॉडीवरून गुपचूप साचा काढायचा, याला तिथली माणसं 'छाप काढणं' म्हणत. त्या गावात कुणाला चोर म्हटलं तर तो हसून सोडून देईल, पण 'छापवाला' म्हटलं की मारामारीच!

"काय चाललंय रे तिकडे?" गाडीखालून नेडीनचा आवाज आला. बाहेर तिचे फक्त बूट दिसत होते.

"काही नाही!" तिघं एका सुरात ओरडले.

* * *

बॉडी गॅरेजच्या बाहेर एकदाच गेली होती. वसंतात पाण्याची टाकी फुटली, गॅरेजचं तळं झालं, तेव्हा ती व्हर्लमामाकडे ठेवली होती. व्हर्लमामा म्हणजे रॉइसचे वडील. माणूस लाखात एक, पण विसराळू असा की विचारू नका!

ते व्हरांड्यात कलिंगडावर मीठ टाकून खात बसले होते.

"मामा, आमची बॉडी तुम्ही कुठे ठेवली होती?" ओपलनं विचारलं.

"शेडमध्ये. आणखी कुठे?"

"पप्पा, शेडमध्ये तर बोट असते!" रॉइस म्हणाला.

"बोट मी नदीवर नेली होती ना मासे धरायला!"

"आणि परत आणली तेव्हा?"

मामांनी बिया थुंकल्या. आठवायचा प्रयत्न केला. "तेव्हा... तेव्हा बॉडी स्कीट हॅनलनकडे होती. अगं, भला माणूस! स्वतःहून म्हणाला, माझं वर्कशॉप मोठं आहे, ठेव माझ्याकडे."

"किती दिवस होती तिथे?"

"आता मासे लागत होते म्हटल्यावर दिवस कोण मोजतं..."

"मामा!!"

"अगं, बॉडी परत आली ना? ओरखडा तरी होता का तिच्यावर? उगाच राईचा पर्वत करता तुम्ही पोरं! घ्या, कलिंगड खा."

ओपलला इतका राग आला होता की तिनं कलिंगडालासुद्धा हात लावला नाही. चुईनं मात्र जाता जाता दोन फोडी उचलल्या.

* * *

हॅनलनच्या आवाराला उंच पत्र्याचं कुंपण होतं. रॉइस खाली वाकला आणि चुई त्याच्या खांद्यावर चढला.

"काय दिसतंय?" ओपल जागच्या जागी उड्या मारत होती. "सांग ना! लवकर!"

"थांब गं! हा हलतोय! ...टायर... कुत्रा... झोपलाय... आणि... बाप रे!"

"काय बाप रे?"

"खाजकुयली! पण पिवळी!"

ओपलला राहवेना. चुईला ओढून उतरवून ती स्वतः चढली. खरंच! झगझगीत पिवळ्या रंगाची, चाकं चढवलेली, तयार गाडी. तेच नाक. तेच उतरतं शेपूट, ज्याच्यासाठी नेडीननं हिवाळाभर पुठ्ठे कापून कापून फेकले होते!

"काय माकडांनो, फुकट सिनेमा बघताय का?"

रॉइस दचकला आणि तिघंही धाडकन खाली! कुंपणाच्या दारात स्कीट हॅनलन उभा होता. टूथपिक चघळत, गालात हसत.

"ती बॉडी आमची आहे!" ओपल ओरडली.

"असं? शनिवारी सगळ्यांसमोर बघू ना, कुणाची कुणावरून आलीय ते. मी पहाटेच जाऊन पहिला नंबर लावणार आहे. आणि हो, तुझ्या बहिणीला आठवण कर. छापवाल्यांना क्लब आत घेत नाही!"

हा माणूस नुसती चोरी करून थांबणार नव्हता, तर नेडीनलाच चोर ठरवणार होता!

आता नेडीनला सांगावंच लागलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, हात पुसले, पुन्हा पुसले.

"त्याचं वर्कशॉप आहे, दारावर पाटी आहे," ती म्हणाली. "माझ्याकडे काय आहे? क्लबात आजवर मुलगी नाही घेतलेली त्यांनी. कोण विश्वास ठेवणार माझ्यावर?"

"म्हणून जायचंच नाही?" ओपलच्या डोळ्यांत पाणी आलं.

"जाऊ गं. जाणार तर आहोतच." पण तिच्या आवाजात दम नव्हता.

* * *

शनिवारी जुन्या विमानतळाच्या पत्र्याच्या छपराखाली ही गर्दी! इंजिनांचा गडगडाट, मक्याच्या पिठात तळलेल्या सॉसेजचा वास, आणि रांगेत सगळ्यांत पुढे हॅनलनची पिवळी गाडी. खाजकुयली नुसत्या राखाडी प्रायमरमध्ये आली. रंग द्यायला वेळच मिळाला नव्हता.

"पर्सेल साहेब!" हॅनलननं सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज लावला. "हे बघा! माझ्या गाडीची छाप! दिवसाढवळ्या!"

क्लबप्रमुख पर्सेल यांनी कानावरची पेन्सिल काढली. एका गाडीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं. "हं. सारख्याच आहेत. नेडीन, तुझं काय म्हणणं आहे?"

"साचा आम्ही बनवला, सर. बॉडी यांच्याकडे ठेवली होती."

"हो, हो! मीच ठेवली होती!" व्हर्लमामा गर्दीतून म्हणाले. "मार्चमध्ये. का एप्रिल? नाही, ट्राउट लागत होते, म्हणजे..."

"व्हर्लची साक्ष!" हॅनलन हसला. "त्याला काल रात्री काय जेवला ते विचारा!"

सगळे खो खो हसले. पर्सेलही हसले, हे ओपलनं बघितलं आणि तिला त्यांचाही राग आला.

"असं करू," पर्सेल म्हणाले, "बाकीच्या गाड्या आटोपतो, मग निर्णय देतो. पण पुरावा नसेल, नेडीन, तर मी काही करू शकणार नाही."

दोन्ही गाड्यांच्या डिकीची झाकणं काढलेली होती, आतली बॅटरी तपासायला. ती खाली ताडपत्रीवर पडली होती. हॅनलन सॉसेज आणायला गेला, आणि रॉइसला एकदम जोर चढला.

"मी दाखवतो सगळ्यांना! आपलं झाकण त्याच्या गाडीला फिट्ट बसणार! तंतोतंत! हाच पुरावा!"

त्यानं राखाडी झाकण उचललं आणि पिवळ्या गाडीवर ठेवलं. ते आत गेलंच नाही. दाबलं, तिरकं केलं, बुक्की मारली. छे!

चुईनं पिवळं झाकण खाजकुयलीवर ठेवलं, तर ते खडखडत आत पडलं.

"म्हणजे..." चुईचा चेहरा पडला. "सारख्या नाहीत? मग ही आपली छाप नाहीच?"

ओपलला वाटलं, सगळं संपलं! ती पुतळ्यासारखी उभी राहिली, हात कोपर खाजवत राहिला. आपलं झाकण मोठं. त्याचं लहान. लहान... लहान का? हिवाळ्यात बॉडी वाळताना साच्यातून टक टक आवाज यायचे, ती दचकायची, आणि नेडीन म्हणायची, घाबरू नकोस, रेझिन आटतंय, बॉडी साच्यापासून सुटतेय...

"आटतं!" ती किंचाळली. "अरे गाढवांनो, आटतं! झाकणं ठेवा जागच्या जागी! पटकन! आणि एक अक्षर बोलू नका!"

हॅनलन परतला तेव्हा तिघंही अगदी गरीब चेहऱ्यानं उभी होती. पर्सेलही आले.

"सर," ओपल नरम आवाजात म्हणाली, "मिस्टर हॅनलनना एकच विचारू का?"

"विचार, पोरी."

"मिस्टर हॅनलन, तुमची गाडी आधीची ना?"

"अर्थात!"

"आणि आमची तुमच्या बॉडीवर साचा काढून बनवली?"

"बायबलवर हात ठेवून सांगतो!"

"नक्की? उलटं तर नाही?"

"किती वेळा सांगू? तुमची माझ्यावरून आलीय!" हॅनलननं आजूबाजूला पाहून डोळा मारला.

"सर, ऐकलंत ना सगळ्यांनी?" आता ओपलचा आवाज चढला. "रेझिन वाळताना आटतं. साचा आटतो, मग त्यातून निघालेली बॉडीही आटते. छाप नेहमी मुळापेक्षा लहान निघते! आमची छाप असेल, तर आमची लहान हवी. लावून बघा झाकणं!"

हॅनलननं टूथपिक चघळणं थांबवलं.

पर्सेल वाकले. राखाडी झाकण पिवळ्या गाडीवर ठेवलं. बसेना. पिवळं राखाडी गाडीवर ठेवलं. खडाड! आतच गेलं.

"मी... मी कडा घासल्या होत्या," हॅनलन चाचरत म्हणाला. "नीट बसावं म्हणून जरा जास्तच..."

"टेप आण रे," पर्सेल कुणालातरी म्हणाले. मग त्यांनी दोन्ही गाड्यांचं नाकापासून शेपटापर्यंत माप घेतलं, दारापासून दारापर्यंत घेतलं. जिथे टेप लावावी तिथे पिवळी थोडी कमीच!

"कडा घासून अख्खी गाडी बारीक होत नाही, स्कीट," ते म्हणाले. "ने ती घरी. आणि पुन्हा इथे दिसू नकोस."

"छापवाला! छापवाला!" चुईनं सुरुवात केली, आणि मग सगळं छप्पर ओरडायला लागलं. व्हर्लमामा सगळ्यांत जोरात! पिवळी गाडी घाईघाईत सुरू होईना, ती ढकलत न्यावी लागली, आणि ढकलायला एकही माणूस पुढे आला नाही.

पर्सेलनी टोपी काढली. "नेडीन, चूक झाली माझी. मी पाटी बघितली, गाडी बघितलीच नाही. इतकी वर्षं या बॉड्या तपासतोय, पण हे एका शाळकरी पोरीनं दाखवावं लागलं! शाब्बास, ओपल. तुम्हीही, पोरांनो." मग त्यांनी पेन्सिलीनं राखाडी बॉनेटवर नंबर घातला. "जा, रांगेत लाव गाडी."

खाजकुयली सुटली तेव्हा ओपलला बघवेना आणि न बघताही राहवेना. तिनं बोटांच्या फटीतून बघितलं. मागची चाकं धुरात नाहीशी झाली, नाक वर उचललं गेलं, आणि बाजूची लाल गाडी मागे, आणखी मागे पडली! दुसऱ्या फेरीत नेडीन हरली, गिअर अडकला. पण परत आली ती हसतच. तोंड काळंकुट्ट, दात पांढरेशुभ्र.

"ओपल," ती हेल्मेट काढत म्हणाली, "ते फोनचं खोकं दिसतंय? जा, आत्याला कळव. मी कळवलं तर ती ऐकणार नाही."

ओपल धावत सुटली. आत्या म्हणजे कडक बाई! फोन वाजला, उचलला गेला, आणि नेमक्या त्याच वेळी मागे दोन गाड्या सुटल्या.

"आत्या! नेडीन सोमवारी येत नाहीये!"

"कोण मेलंय? काय म्हणतेस?"

"येत नाहीये! नेडीन! ती गाड्या बनवणार! इथेच! आमच्याकडे!"

ओपलनं फोन कानावर घट्ट दाबला.

"बरं झालं!" आत्या म्हणाली. "ती पोरगी टाइप करायला बसली असती तर माझा टाइपरायटरच खोलून ठेवला असता तिनं. जिंकली का?"

"एकदा!"

"पुढची शर्यत कधी आहे, ते विचारून सांग मला. मी येते बघायला."

ओपलनं फोन ठेवला आणि त्या तापलेल्या काचेच्या खोक्यात उभ्या उभ्याच रडायला लागली, हसत हसत. बाहेर रॉइस आणि चुई दारावर थापा मारत होते, "काय म्हणाली? अगं, काय म्हणाली?"